चित्राची किंमत आणि चित्राची मान्यता : वासुदेव गायतोंडे यांच्या संदर्भात

डिसेंबर २०१३ मध्ये ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने भारतातील आपला पहिला लिलाव मुंबईत केला. त्यात वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या १९७९ मधील एका शीर्षकहीन चित्राला सुमारे २३.७ कोटी रुपये मिळाले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात त्यांचे १९७० मधील चित्र ६७ कोटींहून अधिक रकमेला विकले गेले. केवळ चित्रांच्या गुणवत्तेने या वाढीचे स्पष्टीकरण होत नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर चित्रांत काहीच भर पडलेली नाही. बदलली आहे ती त्यांच्याभोवतीची व्यवस्था.

बाजार ज्याला मोठे ठरवतो त्यालाच मान्यता मिळते, असा समज रूढ आहे. गायतोंडे यांच्या बाबतीत क्रम उलटा दिसतो. जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेतलेल्या या चित्रकाराला १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळाले, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही त्यांची चित्रे आली. म्हणजे समव्यवसायी चित्रकार, निवडक संग्राहक आणि शासन यांची मान्यता होतीच. नव्हता तो बाजारभाव. आर्थिक उदारीकरणानंतर निर्माण झालेला नवा धनिक वर्ग आणि जाहीर बोलीमुळे सर्वांना दिसू लागलेले विक्रीचे आकडे यांनी ही उणीव भरून काढली. लिलावानंतर दहा महिन्यांनी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. संग्रहालयाची प्रतिष्ठा बाजाराला आणि बाजाराची चर्चा संग्रहालयाला पोषक ठरते, हे येथे स्पष्ट दिसते.

या व्यवहारात एक विपर्यास घडतो. गायतोंडे मितभाषी होते, मोजकीच चित्रे करीत, आणि बहुतेक चित्रांना शीर्षक देत नसत. एकेकाळी जगण्याचा भाग असलेला हा अलिप्तपणा आज लिलावाच्या सूचिपत्रात दुर्मीळतेचा पुरावा म्हणून छापला जातो. झेनचा उल्लेख तर आता जवळजवळ सक्तीचाच झाला आहे.

मराठी समीक्षेचा प्रश्न यातूनच उभा राहतो. ललित कला अकादमीने १९८३ मध्ये प्रकाशित केलेली गायतोंडे यांच्यावरील पुस्तिका ज्ञानेश्वर नाडकर्णी या मराठी समीक्षकाने लिहिली, पण इंग्रजीत. मराठीत सतीश नाईक यांनी 'चिन्ह'तर्फे सिद्ध केलेला ग्रंथ २०१६ मध्ये आला. आठवणी आणि मुलाखती जतन करण्याचे त्याचे कार्य मोलाचे आहे. तथापि रोलर आणि पॅलेट नाइफ यांनी चढवलेले व खरवडलेले रंगांचे थर, कागदाच्या कपट्यांनी रंग उचलून साधलेला पोत, त्यातून निर्माण होणारी खोली यांचे मराठीतील तपशीलवार विश्लेषण अद्याप तुटपुंजेच आहे. वृत्तपत्रांत चित्रकाराचे नाव येते ते कोटींच्या आकड्यासह. मूल्याची चर्चा समीक्षेने सोडली की ती किंमतीकडे जाते.

दृश्यतेचेही तसेच. लिलावातून गेलेले चित्र बहुधा खासगी संग्रहात बंद होते. ज्या चित्राविषयी सर्वाधिक बोलले जाते, ते पाहण्याची संधी कलेच्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळते. त्याच्यापर्यंत पोहोचते ते वृत्तपत्रातील बोटभर छायाचित्र, आणि त्याखालची रक्कम.