निगेटिव्ह : एक प्रतविचार

फिल्मवरील छायाचित्रण डिजिटल युगातही टिकून आहे, या वस्तुस्थितीचे स्पष्टीकरण बहुधा स्मरणरंजनाच्या परिभाषेत दिले जाते. जुन्या कॅमेऱ्याचा खटका, रोल धुवून येईपर्यंतची प्रतीक्षा, चित्राचा कणीदार पोत यांची ओढ हेच या टिकण्याचे कारण मानले जाते. हे स्पष्टीकरण चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. त्यात फिल्मविषयीची भावना कळते, फिल्मचे स्वरूप कळत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न 'प्रत' या संज्ञेच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मराठीत 'प्रत' म्हणजे नक्कल. पोथीची प्रत म्हणजे हस्तलिखित. आणि कापडाची वा धान्याची प्रत म्हणजे त्याचा दर्जा. हे तिन्ही अर्थ निगेटिव्हला एकाच वेळी लागू पडतात.

विचारासाठी बेंगळुरू निवडण्यामागे कारण आहे. संगणक-उद्योगाचे हे शहर त्याआधीपासून छायाचित्रकारांचेही शहर होते. टी. एन. ए. पेरुमाळ (1932–2017) यांच्यासारख्या वन्यजीव-छायाचित्रकारांची पिढी येथे डार्करूममध्ये घडली. 1971 मध्ये येथे यूथ फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. शेजारच्या निलगिरीत, उटकमंड येथे, 1960 मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 'इंदू' या नावाने फिल्म तयार करीत असे. तो कारखाना आता बंद पडला आहे. आज बेंगळुरूत कॅमेऱ्यात भरला जाणारा रोल परदेशातून येतो आणि महाग पडतो. जागतिक पातळीवरही हे टिकणे अखंड नाही. कोडॅकने जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, त्याच वर्षी एक्टाक्रोम ही फिल्म बंद करण्याचे जाहीर केले, आणि 2018 मध्ये तीच पुन्हा बाजारात आणली. म्हणजे फिल्म 'टिकली' असे म्हणण्यापेक्षा ती घरोघरच्या गरजेतून निघून जाणीवपूर्वक केलेल्या निवडीत आली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या निवडीपेक्षा वेगळे, संग्रहातले टिकणेही याच शहरात पाहावयास मिळते. फेब्रुवारी 2023 मध्ये कस्तुरबा रस्त्यावर म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी ही वास्तू खुली झाली, तेव्हाच्या प्रदर्शनांत ज्योती भट्ट यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन होते. 1934 मध्ये भावनगर येथे जन्मलेले भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले व तेथेच त्यांनी अध्यापन केले. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांनी खेड्यापाड्यांतील भित्तिचित्रे, रांगोळ्या आणि गोंदण यांची छायाचित्रे घेतली. ते मुळात चित्रकार व मुद्राचित्रकार आहेत, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. मुद्राचित्रकाराला धातूचा पत्रा आणि त्यावरून निघणारा ठसा यांतील नाते हाताने ठाऊक असते. पत्रा एक, ठसे अनेक. प्रत्येक ठशात शाईचा व दाबाचा थोडा फरक. निगेटिव्ह आणि प्रिंट यांचे नातेही असेच आहे.

त्यांच्या विषयांपैकी रांगोळी या नात्याला छेद देते. सकाळी काढलेली रांगोळी दुसऱ्या दिवसापर्यंत पुसली जाते; तिची मूळ प्रत कोठेही नसते. ती टिकते ती पुन्हा पुन्हा काढली जाण्यातून. टिकण्याच्या दोन रीती येथे समोरासमोर येतात : एक मौखिक परंपरेची, पुनरावृत्तीची, दुसरी पोथीची, जतनाची. भट्टांच्या छायाचित्रांतील ताण या दोहोंच्या भेटीतून निर्माण होतो.

वॉल्टर बेंजामिन यांनी 1936 च्या सुप्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले की, एका निगेटिव्हवरून कितीही प्रिंट निघत असल्याने 'अस्सल प्रिंट कोणती' हा प्रश्नच निरर्थक ठरतो. छपाईच्या दृष्टीने ते खरे आहे. पण त्यांच्यासमोर निगेटिव्हला पर्याय नव्हता. आज तो आहे, आणि म्हणून अस्सलपणाचा प्रश्न प्रिंटकडून निगेटिव्हकडे सरकला आहे. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ही कामे शक्य झाली, कारण प्रतींमध्ये पाठभेद होते आणि ते डोळ्यांना दिसत होते. छत्तीस चौकटींच्या कॉन्टॅक्ट शीटवर नाकारलेल्या चौकटीही क्रमाने उरतात. छायाचित्रकार कोठे थांबला, कोठे मागे वळला, हे वाचता येते. डिजिटल प्रतिमेची नक्कल मात्र पाठभेदाविना होते. शिवाय मोबाइलमधील कॅमेरा अनेकदा एकाहून अधिक चित्रणे एकत्र करून एकच चित्र हाती देतो. त्याआधीचे पाठ सहसा वापरणाऱ्यापर्यंत पोचतच नाहीत.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. आजचा फिल्म-छायाचित्रकारही रोल धुतल्यावर तो स्कॅन करतो आणि चित्र पडद्यावरच दाखवतो. वर उल्लेखिलेले संग्रहालयदेखील वास्तू उघडण्यापूर्वी, डिसेंबर 2020 मध्येच, आंतरजालावर सुरू झाले होते. मग फिल्म स्वायत्तपणे टिकली कोठे? दुसरे असे की निगेटिव्हही नश्वर आहे. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की तिला शिरक्यासारखा आंबट वास येतो. काळ्या-पांढऱ्या फिल्ममधील चांदी तर तिच्या नाशाचे कारण ठरली. ती काढून घेण्यासाठी जुने चित्रपट नष्ट केले गेले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या (1913) चार रिळांपैकी मोजकीच उरली, आणि तीही 1917 मधील पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

हा आक्षेप मान्य करूनही मूळ मुद्दा खोडला जात नाही. उलट फाळक्यांचे उदाहरण त्याला बळच देते. 'ही प्रत कोणती?' असा वाद घालता येतो, कारण वाद घालण्याजोगी वस्तू काही अंशी तरी शिल्लक आहे. स्कॅन हे लिप्यंतरासारखे असते; ते उपयुक्त असते, पण शंका आली की पोथीकडेच परतावे लागते. निगेटिव्हचे महत्त्व या परतण्याच्या शक्यतेत आहे.

साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे दुरून पाहू नये. लेखकांची हस्तलिखिते, खाडाखोड केलेले खर्डे आणि वगळलेली कडवी यांवर आपल्या संशोधनाचा मोठा भाग उभा आहे. संगणकावर लिहिणाऱ्या लेखकाचा आधीचा पाठ नव्या पाठाखाली बहुधा नाहीसा होतो. छायाचित्राच्या क्षेत्रात जे घडले, ते आपल्या क्षेत्रातही घडते आहे. त्यामुळे फिल्म टिकली की नाही, याचा निर्णय विकल्या जाणाऱ्या रोलांच्या संख्येवरून करता येणार नाही. गावोगावच्या बंद पडलेल्या स्टुडिओंमध्ये पत्र्याच्या डब्यांत पडून असलेली निगेटिव्हे कोणी उघडून, नोंदवून, कोरड्या जागी ठेवतो की नाही, यावर तो अवलंबून राहील. ते काम प्रतशोधकाचे आहे, आणि त्याची परंपरा मराठीला परकी नाही.