सोबत आणि लेखककर्तृत्व : ‘टंग टाइड’विषयी एक टिपण

आत्मचरित्र हे एकट्याचे लेखन होय, असे आपण सामान्यतः गृहीत धरतो. जोसेफ डीकन (१९२०–१९८१) यांच्या ‘टंग टाइड’ (१९७४) या छोटेखानी आत्मकथनाचा विचार करताना हे गृहीतक तपासून पाहावे लागते.

जन्मतःच मेंदूच्या पक्षाघाताने बाधित असलेले डीकन १९२८ साली इंग्लंडमधील केटरहॅम येथील सेंट लॉरेन्स रुग्णालयात दाखल झाले. मतिमंदांसाठी चालविलेल्या त्या संस्थेच्या आवारातच त्यांचे बहुतेक आयुष्य गेले. त्यांचे बोलणे इतरांस कळत नसे. म्हणून त्यांना समजही नसावी, असा ग्रह होई. त्यांचे उच्चार उमगत ते एर्नी रॉबर्ट्स या सहनिवाशाला. डीकन बोलत, रॉबर्ट्स ते शब्द स्पष्ट उच्चारीत, मायकेल सँगस्टर लिहून घेत आणि लिहिता-वाचता न येणारे टॉम ब्लॅकबर्न एकेक अक्षर ऐकून टंकलेखन करीत. ४४ पानांस १४ महिने लागले.

मग लेखक कोण, असा आक्षेप येथे संभवतो. लेखनिकाची परंपरा आपणांस अपरिचित नाही; सच्चिदानंदबाबांचा लेखक म्हणून निर्देश ज्ञानेश्वरीतच आहे. परंतु लेखनिक ऐकलेले लिहितो. रॉबर्ट्स न कळणारे बोलणे कळते करतात. मध्यस्थाने आपलेच शब्द घातले असतील, ही शंका म्हणूनच रास्त ठरते. तिचे उत्तर लेखनपद्धतीतच सापडते. रॉबर्ट्स यांचा प्रत्येक शब्द डीकन यांच्या कानांवर पडत असे. तो नाकारण्याचा अधिकार त्यांच्यापाशीच राहिला. लेखककर्तृत्वाचे मर्म लेखणी धरण्यात नसून या अधिकारात आहे.

पुस्तकाच्या उपशीर्षकात मैत्रीचा उल्लेख आहे. मैत्री हा या कृतीचा विषय तर आहेच, शिवाय तीच तिची रचनापद्धतीही होय. याचे श्रेय संस्थेला देण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. संस्थेने चौघांना एका छपराखाली आणले. ऐकून घेण्याचा धीर त्यांचा स्वतःचा. १९८१ साली बीबीसीच्या ‘ब्लू पीटर’ या बालकार्यक्रमात डीकन दिसले, आणि त्यांचे नाव ब्रिटिश शाळांतून टिंगलीचा शब्द होऊन बसले. पाहणारे असंख्य होते. ऐकण्यासाठी थांबलेले मोजकेच. म्हणून हे आत्मकथन अपंगाचे लेखन या सवलतीने वाचू नये. सोबतीवाचून जे लिहिलेच गेले नसते, अशा समर्थ लेखनाचा नमुना म्हणून त्याची परीक्षा व्हावी.