ड्यूररचा अंडाकृती छेद

आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली भूमितीवरचे पुस्तक जर्मन भाषेत प्रसिद्ध केले. त्यात शंकूला तिरप्या प्रतलाने छेदल्यावर मिळणाऱ्या वक्राची आकृती आहे. ती नीट पाहा. वक्र वर निमुळता आणि खाली फुगीर, म्हणजे अंड्यासारखा आहे. ड्यूररने त्याला नावही ‘अंड्याची रेषा’ या अर्थाचेच दिले. प्रत्यक्षात हा छेद विवृत्त, म्हणजे लंबवर्तुळ असतो आणि त्याची दोन्ही टोके सारखीच असतात.

चूक पद्धतीत नाही. शंकूचे बाजूने व वरून दिसणारे चित्र काढून प्रत्येक पातळीवर छेदाची रुंदी मोजायची, ही त्याची रीत निर्दोष आहे. शंकू खाली रुंदावतो, म्हणून छेदही रुंदावणार, या समजाने त्याला फसवले असावे. तुम्हालाही तसेच वाटत असेल, तर पुढील उदाहरण करून पाहा.

शंकूची त्रिज्या शिरोबिंदूपासूनच्या खोलीइतकी घ्या. तिरपे प्रतल शंकूला एका बाजूस २ आणि समोरच्या बाजूस ६ एकक खोलीवर छेदते. छेदाचा मध्य ४ एकक खोलीवर येतो. आता मध्याच्या वर-खाली एकेक एकक जा. खोली ३ असताना त्रिज्या ३ आणि छेदाची जीवा अक्षातून जाते. अर्धी जीवा ३. खोली ५ असताना त्रिज्या ५, पण जीवा अक्षापासून ४ एकक दूर. अर्धी जीवा २५ − १६ चे वर्गमूळ, म्हणजे पुन्हा ३. त्रिज्या वाढली, तशी जीवाही अक्षापासून दूर सरकली.

आकृती चुकली, तरी पुस्तकाचे मोल उरतेच : ड्यूररची चूक ड्यूररच्याच रीतीने पकडता येते. म्हणून शंकुच्छेद काढताना आधी बिंदू मांडा, मगच वक्र जोडा.