हुंकाराचा शोध : ऑनलाइन चित्रफितीचा आरंभ आणि मराठी कथनपरंपरा

प्रस्तावना

कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभी राहणारी व्यक्ती बहुधा एकाच ठिकाणी अडखळते. तिच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते असे नाही. ते कोणाला सांगायचे हे तिला उमगत नाही. ऑनलाइन चित्रफितींच्या क्षेत्रात पदार्पण करू इच्छिणाऱ्यांसाठी आज जे मार्गदर्शन उपलब्ध आहे, त्यात कॅमेरा, माईक, प्रकाशयोजना, शीर्षक इत्यादींची विपुल चर्चा आढळते. ही चर्चा निरुपयोगी नाही. किंचित अस्पष्ट चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण अस्पष्ट आवाज चालवून घेत नाही, हा त्यातील धडा प्रत्येक नवोदिताने लक्षात ठेवावा असाच आहे. तथापि साधनांच्या या चर्चेत संबोधनाचा प्रश्न मागे पडतो. प्रस्तुत लेखात मराठी कथनपरंपरेच्या संदर्भात आणि तीन मराठी यूट्यूब वाहिन्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

परंपरेतील श्रोता

मराठी मौखिक परंपरेत आरंभ हा कधीच एकट्या सांगणाऱ्याचा नसतो. आटपाट नगराची कहाणी सुरू झाली की ऐकणाऱ्याने मधूनमधून ‘हूं’ म्हणावे असा संकेत आहे. हुंकार थांबला, की मूल झोपले असे समजून आजीही थांबते. नारदीय कीर्तनात नमनाने प्रारंभ होतो. पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान यांच्या मध्ये नामगजर होतो आणि समोर बसलेली सभा स्वतःच त्या प्रयोगाचा घटक बनते. तमाशातही गण आणि गवळण यांनंतर वग उभा राहतो. सोंगाड्याची बतावणी किती लांबवायची हे समोरून येणारा हशा ठरवितो.

या सर्व प्रकारांत दोन गोष्टी समान आहेत. पहिली, आरंभाचे शब्द सांगणाऱ्याला नव्याने घडवावे लागत नाहीत. परंपरेने ते त्याच्या हाती दिलेले असतात. दुसरी, श्रोत्याचा प्रतिसाद कथन चालू असतानाच येतो आणि कथनाला वळण देतो. ऑनलाइन चित्रफितीचा आरंभ करणाऱ्याला या दोन्ही आधारांना मुकावे लागते. त्याची पहिली अडचण येथे आहे, आणि महागडा कॅमेरा घेतल्याने ती दूर होत नाही.

माध्यमाचा स्वतःचा आरंभ

यूट्यूबवरील पहिली चित्रफीत २३ एप्रिल २००५ रोजी प्रसिद्ध झाली. संस्थापकांपैकी एक असलेले जावेद करीम सॅन दिएगो येथील प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभे राहून त्यांच्या लांब सोंडेविषयी काही बोलतात आणि सांगण्यासारखे एवढेच आहे असे सुचवून थांबतात. तिची लांबी अवघी १९ सेकंद आहे. तिला आशय नाही, रचना नाही, असे म्हणता येईल. पण ती आजही पाहवते, यामागे एक कारण संभवते. कॅमेरा एका मित्राच्या हाती होता आणि बोलणारा त्या मित्राशी बोलतो. त्याच्या स्वरात भाषणाचा आव नाही. यूट्यूबचे आरंभीच्या काळातील घोषवाक्य मात्र ‘स्वतःला प्रसारित करा’ या अर्थाचे होते. म्हणजे माध्यमाने भर दिला तो ‘स्व’वर, आणि त्याच्या पहिल्या कृतीने टिकून राहण्याचे बळ घेतले ते समोरच्या ‘दुसऱ्या’कडून. ही विसंगती पुढील प्रत्येक नवोदिताच्या वाट्याला आलेली दिसते.

तीन मराठी आरंभ

मधुरा बाचल यांनी २००९ मध्ये अमेरिकेत असताना ‘मधुराज रेसिपी’ ही वाहिनी सुरू केली. आरंभी त्यांचे निवेदन इंग्रजीत होते, पुढे ते मराठीत आले. येथे श्रोता दृश्य नाही. तो कल्पिलेला आहे. पण ही कल्पना मोघम नाही. घरापासून दूर असलेली, आईला विचारण्याची सोय नसलेली, प्रमाण चुकेल या धास्तीने पातेल्यापाशी उभी असलेली व्यक्ती या निवेदनाच्या केंद्रस्थानी आहे. म्हणूनच त्यात ‘अंदाजाने’ या शब्दाऐवजी वाटी-चमच्याचे माप येते. स्वयंपाकघरातील परंपरागत ज्ञान अंदाजावर चालते, कारण शिकणारी शेजारीच उभी असते. ती दूर गेली की अंदाजाचे मापात रूपांतर करावे लागते. श्रोत्याच्या निश्चितीने आशयाची घडण कशी बदलते, याचे हे बोलके उदाहरण होय.

‘आपली आजी’ या वाहिनीचा आरंभ याहून वेगळा आहे. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील सारोळा कासार येथील सुमन धामणे यांना कॅमेऱ्यासमोर आणले ते त्यांच्या नातवाने. चित्रीकरणाची जबाबदारी नातवाची आणि पाककृती आजीची, अशी ही विभागणी होती. हुंकार देणारा येथे चौकटीबाहेर आहे, पण हजर आहे. प्रेक्षक नकळत त्याच्या जागी बसतो. त्यामुळे आजींना आपली बोली प्रमाण मराठीकडे वळविण्याची गरज भासली नाही. घरातल्या मुलाशी जसे बोलावे तसेच त्या बोलल्या. ज्या बोलीला नभोवाणी व दूरचित्रवाणीवर बहुधा विनोदापुरतेच स्थान मिळत आले, ती येथे ज्ञान देणारी भाषा होते, ही या वाहिनीची सांस्कृतिक फलश्रुती लहान नाही.

तिसरे उदाहरण ‘भारतीय डिजिटल पार्टी’ अर्थात ‘भाडिपा’चे. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी ती सुरू केली. तिच्या आरंभीच्या कार्यक्रमांपैकी ‘कास्टिंग काउच’मध्ये अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी हे जोडीने वावरतात. एकाच्या बोलण्याला दुसऱ्याचे उत्तर लगेच मिळते. म्हणजे हुंकार चौकटीतच बांधून घेतला आहे. बतावणीतील जोडीची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. मात्र बतावणीचा प्रेक्षक मिश्र होता; येथील संवादाचे संदर्भ, इंग्रजीमिश्रित भाषा आणि चेष्टेचे विषय प्रामुख्याने शहरी, सुशिक्षित तरुणाला जवळचे आहेत. श्रोता निश्चित केल्याने जे बळ मिळते, तेच मर्यादाही घालते, हे या उदाहरणावरून ध्यानी येते.

या तिन्ही आरंभांना काळाचीही साथ होती. यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले. परंतु ही साथ सर्वांनाच लाभली होती. म्हणून त्यांच्या यशाचे श्रेय केवळ काळाला देणे अपुरे ठरते. कल्पिलेला श्रोता, चौकटीबाहेरचा श्रोता आणि चौकटीतला श्रोता अशा तीन वाटांनी त्यांनी हुंकाराची सोय केली, हे अधिक महत्त्वाचे होय.

संख्या आणि हुंकार

अशी सोय न केलेल्या नवोदिताला हुंकाराच्या जागी संख्या मिळते. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी केवळ किती वेळा पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला महत्त्व दिले. २०१८ मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागील १२ महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण अशी अट आली. २०२३ मध्ये काही मर्यादित सुविधांसाठी ५०० सबस्क्रायबरांचा खालचा टप्पा निर्माण झाला. या अटींमुळे आरंभाचे स्वरूपच उमेदवारीचे झाले. निर्मात्याला मिळणारा आलेख प्रेक्षक कोणत्या क्षणी निघून गेला हे दाखवितो. का गेला हे सांगत नाही. हुंकार कथन चालू असताना येतो, संख्या कथन संपल्यावर येते. हुंकार या गोष्टीला वळण देतो, संख्या पुढच्या गोष्टीला धाक घालते. पहिल्या काही सेकंदांत किंचाळणारे संगीत, ‘शेवटपर्यंत पाहा’ अशी विनवणी आणि आशयाहून मोठे शीर्षक, ही या धाकाचीच लक्षणे होत.

संख्येवर उभा राहिलेला संसार किती अस्थिर असतो, हेही दिसून आले आहे. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. ग्रामीण महाराष्ट्रातही अनेकांनी त्या माध्यमावर आपला प्रेक्षक जमविला होता. तो एका रात्रीत दुरावला. बंदीच्या योग्यायोग्यतेचा विचार येथे अभिप्रेत नाही. आपला श्रोता कोण हे ज्यांना ठाऊक होते, त्यांना तो अन्यत्र पुन्हा शोधता येण्याचा संभव होता. ज्यांच्यापाशी केवळ आकडा होता, त्यांच्यापाशी काहीच उरले नाही.

अध्यापकाचा सक्तीचा आरंभ

या विवेचनाचा शैक्षणिक क्षेत्राशी निकटचा संबंध आहे. मार्च २०२० मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली आणि असंख्य अध्यापकांना इच्छा असो वा नसो, चित्रफीतनिर्मितीचा आरंभ करावा लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी ई-आशयाच्या निर्मितीला गुण दिले असल्याने ही निर्मिती पुढेही चालू राहिली. वर्षानुवर्षे रंगतदार शिकविणारे अनेक अध्यापक कॅमेऱ्यासमोर मात्र छापील मजकूर वाचू लागले. याला तांत्रिक अज्ञान म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. वर्गात तिसऱ्या बाकावरील चेहऱ्यावर उमटलेला प्रश्न पाहून उदाहरण बदलणारा अध्यापक खरे तर हुंकारावरच शिकवीत असतो. तो हुंकार नाहीसा झाल्यावर त्याच्या हाती केवळ मजकूर उरला. अशा चित्रफितींची गणना गुणांसाठी होते, पण त्यांतून शिकणारा कोण, हा प्रश्न मूल्यमापनाच्या कोणत्याही रकान्यात विचारला जात नाही. चित्रीकरणाच्या वेळी एखादा विद्यार्थी कॅमेऱ्याशेजारी बसविणे आणि त्याला मधेच विचारण्याची मुभा देणे, एवढ्या साध्या उपायाने या परिस्थितीत फरक पडू शकेल. सारोळा कासारच्या स्वयंपाकघरात तो उपाय कोणत्याही प्रशिक्षणाविना सापडला होता.

समारोप

ऑनलाइन चित्रफितीचा आरंभ ही साधनांची समस्या असल्याचे मानले जाते. वस्तुतः ती प्रथमतः संबोधनाची समस्या आहे, असे उपर्युक्त विवेचनावरून म्हणता येते. मराठी परंपरेने आरंभाचे संकेत आणि श्रोत्याचा सहभाग या दोन्ही बाबतींत मोठी पुंजी जमविली आहे. तिचे अनुकरण करून कीर्तनाचा वा बतावणीचा बाह्य थाट उचलणे पुरेसे नाही. त्या थाटामागील तत्त्व, म्हणजे ऐकणाऱ्याला कथनाचा भागीदार मानणे, हे आत्मसात करावे लागेल. पहिली चित्रफीत हजारोंनी पाहावी ही आकांक्षा स्वाभाविक असली, तरी ती एका कोणासाठी केलेली असावी. त्या एकाचा हुंकार मिळाला, तर पुढचे वाक्य सुचते.