उसने नाव, स्वतःचा खेळ

गाजलेल्या कादंबरीचे नाटक होणार असे कळले की तिच्या वाचकांच्या मनात आनंद आणि धास्ती या दोन्ही भावना एकदमच उत्पन्न होतात. ओळखीचे माणूस रंगभूमीवर भेटणार याचा आनंद, आणि ते आपल्याला ओळखू येईल की नाही याची धास्ती. व्हिडिओ गेम हा प्रकार रंगभूमीच्या मानाने फारच लहान वयाचा. परंतु लोकप्रिय चित्रपट, कादंबऱ्या व चित्रकथा यांच्या नावांवर उभे राहिलेले खेळ हाती घेताना रसिकाची अवस्था अशीच होते. अशा खेळांतील आमच्या आवडीचा कोणता व नावडीचा कोणता, हे सांगणे सोपे आहे. ते तसे का, हे सांगणे मात्र तितके सोपे नाही. आणि टीकेचे काम तेथूनच सुरू होते.

अपयशाचा दाखला म्हणून ‘ई. टी.’चे नाव नेहमी घेतले जाते. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट १९८२ मध्ये गाजला आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या बाजारात त्यावरील खेळ आलाच पाहिजे, असे अटारी कंपनीने ठरविले. खेळाचे कर्ते हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे उरले. पुढे १९८३ मध्ये अटारीच्या इतर मालाबरोबर या खेळाच्या प्रती न्यू मेक्सिकोतील आलामोगोर्डो येथे कचऱ्याच्या जागी पुरण्यात आल्या, आणि २०१४ मध्ये त्या उकरून काढण्यात आल्या. तथापि आम्हांस या खेळाचा राग येत नाही. घराची ओढ लागलेला एक जीव दूरध्वनीचे तुकडे गोळा करीत हिंडतो, ही कल्पना मूळ कथेच्या गाभ्यातलीच आहे. तो बिचारा पुनःपुन्हा खड्ड्यात पडतो हा दोष घाईचा, दृष्टीचा नव्हे.

मग पुरेसा वेळ दिला की खेळ चांगला होतो, असे म्हणावे काय? ‘गोल्डनआय’ या बाँडपटावरील खेळ चित्रपटानंतर सुमारे दोन वर्षांनी, १९९७ मध्ये आला. चित्रपटाची लाट तोवर ओसरली होती. खेळाला स्वतःच्याच पायांवर उभे राहावे लागले, आणि तो राहिला. एका दूरचित्रवाणी संचापुढे चार मित्रांना बसवून एकमेकांचा पाठलाग करावयास लावणारा तो खेळ मूळ चित्रपट न पाहिलेल्यांनाही आवडला. परंतु वेळ हेच खरे कारण असते, तर आमच्या सर्वांत नावडत्या खेळाला काहीच कमी पडावयास नको होते. त्याची घोषणा २००८ मध्ये झाली आणि तो २०१३ मध्ये बाहेर पडला.

तो खेळ म्हणजे ‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’. योगायोग असा की आमचा सर्वांत आवडता खेळ, ‘एलियन: आयसोलेशन’, त्याच चित्रमालेवर बेतलेला असून तो पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, प्रसिद्ध झाला. दोन्हींचा प्रकाशकही एकच. एकाच वाड्यातील दोन बिऱ्हाडे, पण एका घरी दिवा आहे आणि दुसऱ्या घरी नाही. हा फरक कशाने पडला, हे पाहण्यासारखे आहे.

‘कलोनियल मरीन्स’चा आधार जेम्स कॅमेरॉन यांचा १९८६ चा चित्रपट होता. त्यांत सैनिक आहेत, बंदुका आहेत. तेव्हा खेळातही त्या असणार, याबद्दल तक्रार नाही. पण चित्रपटाचे मर्म बंदुकीत नाही. मोठ्या दिमाखात उतरलेल्या त्या तुकडीला ऐन वेळी सांगण्यात येते की येथे अणुभट्टी आहे, गोळ्या झाडू नका. आणि पहिल्याच गाठीत तुकडीची धूळधाण होते. शस्त्रांचा गर्व उतरणे, ही ती कथा. खेळाने नेमका तो गर्वच परत आणला. ज्या जीवाच्या नुसत्या सावलीने प्रेक्षकाचा श्वास अडकत असे, तो येथे डझनावारी येतो आणि डझनावारी मरतो. विक्रीपूर्वी लोकांस दाखविलेला नमुना आणि प्रत्यक्ष विकलेला खेळ यांत तफावत असल्याची तक्रार तर अमेरिकेतील न्यायालयापर्यंत गेली. पुढे २०१८ मध्ये अशी गोष्ट सर्वतोमुखी झाली की खेळाच्या संगणकीय सूचनांमधील एका शब्दात एक अक्षर अधिक पडले होते, आणि त्यामुळे त्या प्राण्यांना आपला डाव नीट साधता येत नव्हता. अक्षर काढताच ते पुष्कळ शहाण्यासारखे वागू लागले. गोष्ट गमतीची खरी. परंतु प्राणी शहाणे झाल्याने खेळणाऱ्याच्या मनात भीती उत्पन्न होत नाही. मुद्रणदोष सुधारता येतो. कथेचा अर्थच उलटा लागला असेल, तर त्याला शुद्धिपत्र नाही.

‘आयसोलेशन’च्या कर्त्यांनी रिडली स्कॉट यांचा १९७९ चा पहिला चित्रपट आधारास घेतला. त्यांत एकच प्राणी आहे, आणि येथेही मुख्यतः एकाशीच गाठ आहे. नायिका रिप्लीची मुलगी अमांडा. ती हरवलेल्या आईचा माग काढीत सेव्हास्टोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर येते. पिस्तुलाने तो जीव मरत नाही. आगीच्या झोताने तो माघार घेतो, इतकेच. खेळणाऱ्याने कपाटात लपावे, मेजाखाली शिरावे, श्वास रोखावा. हालचाल टिपणारे यंत्र हाती असते, पण श्वापद जवळ असेल तर त्या यंत्राचा आवाजही घात करू शकतो. येथवरची वाटचाल नोंदवून ठेवावयाची, तर भिंतीवरील यंत्रापुढे काही क्षण उभे राहावे लागते, आणि तेवढ्या अवधीत जग थांबत नाही. १९७९ च्या माणसाने कल्पिलेले भविष्यच कर्त्यांनी जपले आहे: फुगीर काचांचे पडदे, जाड कळा, खरखरणाऱ्या फिती. पडद्यांवरील ती खरखर साधण्यासाठी त्यांनी चित्रे खरोखरीच जुन्या फितींवर उतरवून घेतली. हे सारे नकलेसाठी नव्हे. चित्रपटातील असहायता खेळणाऱ्याच्या बोटांत यावी यासाठी आहे.

चित्रपटात आपण नायिकेकडे पाहतो. खेळात तिच्या जागी आपणच असतो. म्हणून नावे, वेष, संगीत यांची नक्कल केवळ बाहेरची राहते. मूळ कथा आपल्या पात्राकडून जे मागते, तेच खेळाने खेळणाऱ्याच्या हातांकडून मागितले पाहिजे. सुपरमॅनला धुक्यात टांगलेल्या कड्यांतून उडावयास लावणारा १९९९ चा खेळ याच कसोटीवर नापास होतो: त्यांत झबला आणि नाव आहे, दुबळ्याच्या मदतीला धावण्याची ऊर्मी नाही.

‘आयसोलेशन’ निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. तो लांबला आहे. भीती ही फार वेळ ताणता येणारी भावना नव्हे. उत्तरार्धात तिची जागा थकवा घेतो, आणि शेवटही तुटल्यासारखा वाटतो. पण हा दोष आपल्या विषयावर प्रेम असणाऱ्याचा आहे. ओळखीच्या नावावर विश्वासून पैसे मोजणाऱ्या माणसाला येथे कोणी गृहीत धरलेले नाही, आणि आमच्या लेखी ही गोष्ट लहान नाही.

या खेळाच्या उत्तरभागाची घोषणा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तो हाती येईल तेव्हा त्यांत ओळखीचे चेहरे किती आहेत, हे आम्ही मोजीत बसणार नाही. अंधारात पाऊल वाजले असता आपल्या हातांना काय करावे लागते, एवढेच पाहू.