मुक्त स्रोत ब्राउझर आणि मराठी वाचक : मोझिला-फायरफॉक्सविषयीच्या तक्रारींची एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकावरील मराठीचा विचार करताना फॉन्ट, कळफलक आणि संकेतस्थळे यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु ज्या खिडकीतून हे सारे वाचकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते, त्या ब्राउझरकडे भाषेच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. ब्राउझर हे तंत्रज्ञांचे साधन आहे, त्याच्याशी भाषेचा संबंध नाही, असा एक समज त्यामागे आहे. हा समज किती अपुरा आहे हे मोझिला आणि त्यातून जन्मलेल्या फायरफॉक्स या मुक्त स्रोत ब्राउझरच्या पहिल्या दशकात मराठी वापरकर्त्यांनी केलेल्या तक्रारी, शोधलेले उपाय आणि घातलेले वाद पाहिले म्हणजे लक्षात येते. या तक्रारी वरवर यंत्राविषयी असल्या, तरी त्यांचा गाभा लिपीविषयीचा आणि म्हणून भाषेविषयीचा होता. प्रस्तुत लेखात त्यांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

२२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्याची घोषणा केली आणि ३१ मार्च १९९८ रोजी ती प्रत्यक्षात खुली झाली. जुनी आज्ञावली दुरुस्त करण्याऐवजी 'गेको' हे नवे इंजिन आधाराला घेऊन जवळजवळ सारे नव्याने लिहिण्याचा निर्णय त्याच वर्षाच्या अखेरीस घेण्यात आला. त्यामुळे मोझिलाची १.० ही आवृत्ती यावयास जून २००२ उजाडला. मधल्या काळात इंटरनेट एक्सप्लोररने बाजार जवळजवळ पूर्णपणे व्यापला होता. मोझिलाचा सुटसुटीत अवतार प्रथम 'फीनिक्स', मग 'फायरबर्ड' आणि फेब्रुवारी २००४ पासून 'फायरफॉक्स' या नावाने आला. ९ नोव्हेंबर २००४ रोजी त्याची १.० आवृत्ती प्रसिद्ध झाली. (फायरफॉक्स म्हणजे 'अग्निकोल्हा' असे भाषांतर करण्याचा मोह होतो, परंतु ते हिमालयात आढळणाऱ्या तांबड्या पांडाचे इंग्रजी नाव आहे. नावाच्या भाषांतराची घाई करू नये, एवढे या उदाहरणावरून समजते.)

अनेक डोळे, पण कोणत्या लिपीचे?

मुक्त स्रोत चळवळीचा एक आवडता सिद्धांत असा, की आज्ञावली पाहणारे डोळे पुष्कळ असले म्हणजे तिच्यातील दोष लपून राहत नाहीत. एरिक रेमंड यांच्या १९९७ मधील निबंधाने हा विचार लोकप्रिय केला आणि नेटस्केपच्या निर्णयावरही त्या निबंधाचा प्रभाव होता. सिद्धांत आकर्षक आहे. मात्र त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की पाहणाऱ्या डोळ्यांना दोष हा दोष म्हणून ओळखता येतो. देवनागरीच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही.

फायरफॉक्सच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत विंडोजवर आढळणारा एक दोष या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मजकुराच्या दोन्ही कडा सरळ रेषेत याव्यात यासाठी संकेतस्थळाच्या कर्त्याने तशी आज्ञा दिली असेल, तर ओळीतील मोकळी जागा वाटून देताना ब्राउझर प्रत्येक वर्णचिन्ह सुटे मानून मांडत असे. रोमन लिपीत याने काही बिघडत नाही, कारण तिथे अक्षरे सुटीच असतात. देवनागरीत मात्र 'किल्ला' या शब्दातील पहिली वेलांटी उच्चाराने 'क'नंतर येते, साठवलीही 'क'नंतरच जाते, पण दिसावी लागते ती 'क'च्या आधी. आणि 'ल्ल' हे जोडाक्षर दोन 'ल' आणि त्यांमधील हलन्त चिन्ह एकत्र पाहिल्यावाचून घडत नाही. वर्णचिन्हे सुटी मांडली की वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन पडते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले 'ल्' उघडे पडते, आणि अनाथ मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. एकाच संकेतस्थळावर डावीकडून सरळ मांडलेला लेख शुद्ध दिसावा आणि दोन्ही कडा सरळ असलेला लेख विस्कटलेला दिसावा, हा अनुभव त्या काळातील मराठी वाचकाला गोंधळात टाकणारा होता. आधी लेखकावर, मग फॉन्टवर आणि मग युनिकोडवर संशय घेतला जाई. खरा दोषी ब्राउझर आहे हे पुष्कळ उशिरा लक्षात येत असे.

परकी लिपी वाचणाऱ्या विकासकाला मात्र विस्कटलेली देवनागरी आणि शुद्ध देवनागरी सारखीच सुंदर दिसते. त्यामुळे आज्ञावली कितीही डोळ्यांसमोर उघडी असली तरी हा दोष त्यांना दिसणे शक्य नव्हते; तो केवळ देवनागरी, बंगाली, तमिळ वा तत्सम लिपी वाचणाऱ्यांनाच दिसणार होता. आणि दिसला तरी तो नोंदवायचा कोठे? मोझिलाची दोष-नोंदवही 'बगझिला' कोणालाही उघडी होती, पण तिची भाषा इंग्रजी होती. ज्याला 'वेलांटी' हा शब्द आयुष्यभर पुरला, त्याला 'परस्पर-अवलंबी स्वरचिन्हाची पुनर्मांडणी' असली इंग्रजी परिभाषा वापरल्याशिवाय आपले दुखणे सांगता येईना. परिणामी मराठी वापरकर्ता आपली तक्रार मराठीत, आपसांत करीत राहिला, आणि जेथे दुरुस्ती होणे शक्य होते तेथे ती फारच थोड्यांच्या हातून पोहोचली. मुक्ततेची ही मर्यादा परवान्याच्या कागदावर दिसत नाही. तेथे दार सर्वांना उघडेच असते.

तात्पुरते उपाय मात्र वापरकर्त्यांनी पुष्कळ शोधले. ब्राउझरला वाचकाच्या स्वतःच्या शैलीची फाइल देऊन कडा सरळ करण्याची आज्ञा निष्फळ ठरवता येत असे. लिनक्सवर फायरफॉक्सला 'पँगो' ही लिपीमांडणीची आज्ञावली वापरण्यास सांगणारी एक ओळ आधी लिहून ब्राउझर सुरू करावा लागे. ती न लिहिल्यास मात्रा विस्कटत, लिहिल्यास ब्राउझर मंद होतो अशी दुसरी तक्रार. गेकोतील मजकूर-मांडणीचा भाग २००७ मध्ये नव्याने लिहिला गेला आणि १७ जून २००८ रोजी आलेल्या फायरफॉक्स ३ मध्ये हा दोष मुळापासून गेला.

तालुक्याच्या गावातील संगणक

मांजरा नदीकाठच्या कळंबसारख्या तालुक्याच्या गावी या प्रश्नाला आणखी एक पदर होता. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक पोहोचवला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु त्या काळातील संगणक-साक्षरता म्हणजे विंडोज आणि इंटरनेट म्हणजे निळा 'ई' हे समीकरण त्यातूनच घट्ट झाले. त्यातच विंडोज एक्सपीमध्ये देवनागरीची सोय असली तरी ती आपोआप चालू नसे. प्रादेशिक भाषांच्या रकान्यात जाऊन 'जटिल लिपी'समोर खूण करावी लागे, आणि मग संगणक मूळ सीडी मागे. ती सीडी अशा ठिकाणी बहुधा विक्रेत्याकडे असे, किंवा कोणाकडेच नसे. इंटरनेट एक्सप्लोरर हा लिपीमांडणीचा घटक स्वतःच थेट वापरत असल्यामुळे त्यात ही उणीव बऱ्याचदा जाणवत नसे. फायरफॉक्स मात्र प्रणालीवर विसंबून असल्याने त्यात मात्रा उलटसुलट दिसत. सामान्य वापरकर्त्याने यावरून 'फायरफॉक्सला मराठी येत नाही' असा निष्कर्ष काढला, तर त्याला दोष देता येत नाही. जाणकारांचे उत्तर ठरलेले असे : दोष ब्राउझरचा नसून तुमच्या संगणकाचा आहे. हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होते. वाचकाच्या दृष्टीने ते निरुपयोगी होते, कारण ज्या संगणकासमोर तो तासाचे पैसे भरून बसला होता तो त्याचा नव्हता.

फॉन्टचा मुखवटा

सर्वांत तीव्र वाद झाला तो मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवरून. युनिकोड रुळण्यापूर्वी ही स्थळे खास घडवलेल्या फॉन्टमध्ये असत. पानात प्रत्यक्ष साठवलेली असत ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. त्यांच्यावर देवनागरी आकारांचा मुखवटा चढवलेला असे. हा मुखवटा वाचकाच्या संगणकावर आपोआप उतरवण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत एक्सप्लोररमध्ये चाले; नेटस्केप ४ ची पद्धत वेगळी होती. मोझिलाने या दोन्ही पद्धती स्वीकारल्या नाहीत. परिणामी एक्सप्लोररमध्ये बातमी दिसे, तर मोझिलात त्याच ठिकाणी स्वल्पविराम, कंस आणि उद्गारचिन्हांची रांगोळी.

या वादात दोन बाजू होत्या. एका बाजूचे म्हणणे असे, की ब्राउझरने मानकांशी प्रामाणिक राहावे. जे पान मुळातच मराठी नाही, ते मराठी म्हणून दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे साधे होते : सकाळचे वर्तमानपत्र वाचता येत नसेल तर मानक घेऊन काय करावयाचे? पहिली बाजू बरोबर ठरली, यात आज शंका उरलेली नाही. मुखवट्याच्या फॉन्टमधील त्या वर्षांचा मराठी मजकूर शोधयंत्रांना मराठी म्हणून कधी सापडलाच नाही, आणि रूपांतर न झालेला भाग आज संशोधकाच्या दृष्टीने जवळजवळ नष्ट झाल्यासारखाच आहे. दुष्काळ, ऊसदर, निवडणुका यांविषयीचे मराठवाड्यातील त्या काळचे वार्तांकन अभ्यासू इच्छिणाऱ्याला कागदी अंकांच्या गठ्ठ्यांकडेच वळावे लागते. तथापि बरोबर ठरलेल्या बाजूने त्या बरोबरपणाची किंमत स्वतः मोजली नाही, हेही नमूद केले पाहिजे. ती वाचकाने मोजली. 'पद्मा' नावाची फायरफॉक्सची जोडणी याला सन्माननीय अपवाद होती. मूळ तेलुगूसाठी निघालेली आणि पुढे देवनागरीसह इतर भारतीय लिपींपर्यंत विस्तारलेली ही जोडणी मुखवट्याच्या फॉन्टमधील पान उघडतानाच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करीत असे. वाद घालण्याऐवजी केलेली ही टीका होती, आणि आज्ञावली खुली असल्यामुळेच ती शक्य झाली.

'दर्या' आणि 'दऱ्या'

ब्राउझरवरील काही तक्रारी मात्र त्याच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत तर मठ आणि स्वयंपाकघर एवढे अंतर आहे. हा भेद रेफ आणि अर्धचंद्राकृती र यांवर उभा आहे आणि हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये हा र दोन मार्गांनी लिहिता येतो : नुक्ता असलेल्या 'ऱ' पासून, किंवा साध्या 'र्' पुढे न दिसणारे जोडचिन्ह देऊन. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण फायरफॉक्सच्या शोधपट्टीत एका मार्गाने लिहिलेला 'दऱ्या' दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या 'दऱ्या'ला ओळखत नसे. 'ॲ'ची कथा याहून लांबलेली. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आले एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत 'अ'वर अर्धचंद्र ठेवण्याचा प्रयत्न केला की अनेकदा ठिपक्यांचे वर्तुळ उमटे, म्हणून मराठी विकिपीडियावर आणि अन्यत्र मधे अदृश्य जोडचिन्ह घालण्याचा उपाय रुळला. महाराष्ट्र शासनाचा वर्णमाला व लिपीविषयक निर्णय ६ नोव्हेंबर २००९ रोजी निघाला. म्हणजे पडद्यावर कोणता 'ल' आणि कोणता 'श' मराठी मानावा याचा अधिकृत निवाडा होण्यापूर्वीच वापरकर्ते अनेक वर्षे त्याविषयी भांडत होते, आणि त्या भांडणात मराठी भाषेच्या प्राध्यापकांचा आवाज जवळजवळ नव्हता. ही उणीव विद्यापीठीय मराठी अभ्यासाची आहे, ब्राउझरची नव्हे.

मराठी मुखवट्याची भाषा

त्या दशकाच्या अखेरीस फायरफॉक्स मराठी आज्ञांसह उपलब्ध झाला. २००८ मध्ये पुण्याच्या रेड हॅटमधील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'फ्युएल' उपक्रमाने वारंवार लागणाऱ्या शब्दांची एकवाक्यता साधण्याचे काम हाती घेतले. शब्दांवरून मतभेद होणे अपरिहार्य होते. 'ब्राउझर'साठी संकेतस्थळांवर घडलेला 'न्याहाळक' हा शब्द अर्थाने नेमका आहे, पण तो मिश्कीलपणेच अधिक वापरला गेला. 'बुकमार्क'साठी 'वाचनखूण' मात्र सहज रुळण्याजोगा, कारण पुस्तकात मोरपीस किंवा बसचे तिकीट ठेवण्याची सवय मराठी वाचकाला आधीपासून आहे. 'सेव्ह'साठी 'जतन करा' हा शब्द इंग्रजीपेक्षा सरस वाटतो; मूळ शब्दात नसलेली काळजी त्यात आहे. याउलट 'चिकटवा' वाचताना डिंकाची बाटली आठवते. तंत्रज्ञांनी रात्री जागून केलेल्या या भाषांतरांची थट्टा करणे सोपे होते आणि ती पुष्कळ झाली. परंतु 'रद्द करा', 'थांबा', 'पुन्हा प्रयत्न करा' असे आदरार्थी क्रियापद वापरायचे की सरळ धातूवर थांबायचे, हा प्रश्न त्यांनीच प्रथम सोडवला. यंत्र मराठी माणसाशी 'तुम्ही' म्हणून बोलते, ते त्यांच्यामुळे.