सांगड, जू आणि कॅटामरान : सोमाटण्यातील एका प्रवासटिपणाचे दोन पाठ

प्रवासवर्णनाचा अभ्यास आपल्याकडे बहुधा छापील ग्रंथांपासून सुरू होतो आणि छापील ग्रंथांपाशीच थांबतो. पंडिता रमाबाईंचा १८८३ चा 'इंग्लंडचा प्रवास' किंवा पु. ल. देशपांडे यांचे 'पूर्वरंग' यांवर प्रबंधिका लिहू इच्छिणारे विद्यार्थी भेटतात; परंतु आज घरोघरी जे प्रवासलेखन होत आहे, त्याकडे लक्ष द्यावे असे फारसे कोणास वाटत नाही. प्रस्तुत लेखात ज्या लेखनाचा विचार करावयाचा आहे ते असेच घरगुती आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरील सोमाटणे येथे राहणाऱ्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी २०२३ मध्ये मुलाच्या कुटुंबासमवेत मॉरिशसचा आठ दिवसांचा प्रवास केला व परत आल्यावर त्याची एक टिपणवही लिहिली. नातेवाइकांत वाटण्यासाठी तिच्या काही प्रती छापाव्यात असा त्यांचा विचार आहे. त्यासाठी नातीने संगणकावर एक शुद्ध प्रत तयार केली असून दोन्ही प्रती अभिप्रायासाठी प्रस्तुत लेखकाकडे आल्या. हस्तलिखित व शुद्ध प्रत यांत जो फरक पडला आहे तो पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यास उद्बोधक वाटेल, आणि कोणता पाठ छापावा हा प्रश्न अजून सुटलेला नसल्याने त्याचा विचार निव्वळ पांडित्यापुरता नाही.

वहीतील सर्वांत विस्तृत भाग एका दिवसाचा आहे. सकाळी मॉरिशसच्या पश्चिम किनाऱ्यावरून कॅटामरानने निघावयाचे, तामारँच्या उपसागरात डॉल्फिन पाहावयाचे, तेथून दक्षिणेस बेनितिए बेटाकडे जावयाचे, वाटेत क्रिस्टल रॉक नावाचा प्रवाळाचा खडक लागतो तो पाहावयाचा, नौकेवरच भाजलेल्या मासळीचे जेवण घ्यावयाचे आणि चार वाजण्याच्या सुमारास, जेथून निघाले त्याच धक्क्यावर उतरावयाचे. रमाबाईंच्या काळी समुद्र ओलांडावयाचा असे. त्यात पैलतीर होते, आणि समुद्रगमनाचा निषेध मानणाऱ्या समाजात त्या पैलतीराला फार मोठा अर्थ होता. येथे पैलतीरच नाही. शिक्षकांनी या दिवसाला हस्तलिखितात 'फेरी' म्हटले आहे व शुद्ध प्रतीत त्याचे 'क्रूझ' झाले आहे. इंग्रजीतील तत्सदृश ध्वनीचा शब्द उतारूंना पार नेणाऱ्या नावेचा आहे आणि आपली 'फेरी' फिरण्याची. ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे, परंतु जेथून निघाले तेथेच परतणाऱ्या या प्रवासाला मराठी अर्थच नेमका लागू पडतो. 'क्रूझ' हा शब्द त्या दिवसाविषयी काहीच सांगत नाही. त्याची किंमत तेवढी सुचवितो.

प्रथम या वहीचे दोष सांगितले पाहिजेत, कारण ते दोन्ही पाठांत समान आहेत. समुद्र येथे निळाशार आहे, अथांग आहे, विलोभनीय आहे. दिवस अविस्मरणीय आहे. ही विशेषणे शालेय निबंधातून आली आहेत आणि ज्यांनी आयुष्यभर निबंध तपासले त्यांच्या लेखणीतून ती उतरावीत यात नवल नाही. विशेषणांपेक्षा क्रियापदे अधिक बोलकी आहेत. आनंद लुटला, दर्शन झाले, नेण्यात आले, देण्यात आले, अशी कर्मणी व भावे प्रयोगांची रांगच लागते. कर्ता कोठे दिसत नाही. डॉल्फिनांविषयी लिहिताना ते भेटीस आले असे म्हटले आहे. वस्तुस्थिती अशी की तामारँकडे दिसणारे भिरभिरे डॉल्फिन रात्री खोल पाण्यात भक्ष्य शोधतात आणि सकाळी विश्रांतीसाठी उथळ उपसागरात येतात. सहली सकाळीच निघतात त्या यामुळेच. म्हणजे भेटीस डॉल्फिन आले नव्हते, नौका गेल्या होत्या. 'दर्शन' हा शब्द मात्र मी दोषांत धरणार नाही. देव जागचा हलत नाही, गर्दी त्याच्याभोवती फिरते आणि क्षणभर पाहून पुढे सरकते, हा त्या शब्दातील अनुभव तामारँच्या पाण्यावरील दृश्याशी चांगलाच जुळतो.

आता जेथे ही वही जिवंत होते ते स्थळ. जेवणानंतर परतीच्या वाटेवर खलाशांनी यंत्र बंद केले व शीड चढविले. मॉरिशसवर वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. पश्चिम किनारा त्यांच्या आडोशाला पडतो, म्हणून तेथील पाणी शांत असते, आणि दक्षिणेकडून उत्तरेस परतणाऱ्या नौकेला तोच वारा साह्य करतो. वहीत हे शास्त्र नाही. तेथे एवढेच आहे की आवाज थांबला, शिडाचा दोर मोटेच्या नाड्यासारखा ताणला, आणि दोन होड्या एका जुवाखाली चालू लागल्या. पुढील भागात, दोन्ही होड्यांच्या मध्ये जी जाळी असते व जिच्यावर प्रवासी पहुडतात, तिला त्यांनी सुंभाच्या बाजेची वीण म्हटले आहे, आणि ती विणलेली का, तर खालून आलेले पाणी वर न साचता गळून जावे म्हणून, असे कारणही दिले आहे. या दीड पानात एकही ठरीव विशेषण नाही. कर्ते आहेत, क्रियापदे कर्तरी आहेत.

शुद्ध प्रतीत 'जू' गेले आहे व त्या जागी 'दोन हल' आले आहेत. 'बाजेची वीण' जाऊन 'ट्रॅम्पोलिन' आले आहे. मोटेचा नाडा अजिबात वगळला आहे. नातीचे म्हणणे असे की हे शब्द गावंढळ वाटतात व परदेशच्या वर्णनात शोभत नाहीत. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उपमान व उपमेय यांत काही औचित्य असावे लागते हे आपले साहित्यशास्त्रही सांगते. प्रश्न एवढाच की येथे अनौचित्य आहे काय.

त्यासाठी 'कॅटामरान' या शब्दाकडे वळावे लागेल. तमिळ 'कट्टु' म्हणजे बांधणे व 'मरम' म्हणजे झाड, लाकूड. 'कट्टुमरम' म्हणजे ओंडके एकत्र बांधून केलेला, कोरोमंडल किनाऱ्यावरील कोळ्यांचा तराफा. विल्यम डँपियरने १६९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासग्रंथात हा शब्द इंग्रजी वाचकांपुढे आणला. दोन समांतर तळांची नौका ही वस्तू मात्र तमिळ नव्हे. तिची परंपरा प्रशांत महासागरातील बेटांची आहे. नथॅनिएल हेरशॉफ याने १८७६ मध्ये अमेरिकेत 'अमॅरिलिस' ही दोन तळांची नौका शर्यतीत उतरवून जिंकली, आणि तेव्हापासून तराफ्याचे नाव या नव्या वस्तूला अधिकाधिक चिकटत गेले. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास जाणाऱ्या उतारूंच्या तोंडी आज जो 'कॅटामरान' आहे, तो पूर्व किनाऱ्यावरून नव्हे, इंग्रजीतून फिरून आलेला आहे. वहीत या शब्दाची तीन रूपे आढळतात. त्यांपैकी 'कटामरण' हे रूप वाचून घरातील वडील मंडळींनी जाण्यास नकार दिला नाही हे विशेष.

मराठीला या वस्तूसाठी शब्द नव्हता असे कोणी समजू नये. मोल्सवर्थच्या कोशात 'सांगड' या शब्दाचा अर्थ दोन होड्या एकत्र बांधून केलेले तरण असा दिला असून पोहण्यासाठी जोडलेल्या भोपळ्यांचाही त्यात उल्लेख आहे. संस्कृत 'संघाट' शी त्याचे नाते लावले जाते. मलयाळममधील 'चंगाडम' आणि पोर्तुगिजांनी पुढे ब्राझीलपर्यंत नेलेला 'जंगाडा' हे त्याचेच गोत्रज. गोव्याचे कोशकार सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो यांच्या १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झालेल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दकोशात या शब्दाचा परामर्श घेतलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पूर्व किनाऱ्यावरील, ओंडके जोडून बांधलेल्या मोठ्या नौकांना 'संगर' म्हटले आहे. काही अभ्यासकांनी तो शब्दही याच कुळात बसविला आहे. कोकणात व गोव्यात होडीच्या बाजूस आडव्या दांड्यांनी जोडलेल्या तरत्या लाकडाला 'उलांडी' हा वेगळा शब्द आहेच. घाटावर मात्र सांगड पाण्यातून निघून वाक्प्रचारात स्थिरावली. आपण व्यवहार आणि आदर्श यांची सांगड घालतो, आणि तिच्याखाली कधी काळी पाणी होते हे विसरतो. गंमत अशी की याच वहीत, तिसऱ्या दिवसाच्या टिपणात, विश्रांती व प्रेक्षणीय स्थळे यांची मुलाने चांगली सांगड घातली असे वाक्य आहे. पाचव्या दिवशी प्रत्यक्ष सांगडीवर बसलेल्या लेखकास तो शब्द आठवत नाही.

घाटावरचा माणूस, त्याला पाण्याचे शब्द कोठून, असे म्हणून हा विषय संपविता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भवसागर तरून नेण्याचे जे रूपक आहे, त्यात एकट्यांसाठी एक साधन, कुटुंबवत्सलांसाठी तारू, कोणाच्या पोटाशी बांधलेली पेटी, असा तारणाऱ्या साधनांचा तपशीलवार भेद केलेला आहे. हे समुद्राचे ज्ञान नसेल. नदीच्या उताराचे निश्चित आहे. सोमाटणे पवनेच्या खोऱ्यात आहे. सह्याद्रीचा कडा उतरला की अरबी समुद्र फार दूर नाही, तरी पवनेचे पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून मुळा, भीमा व कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास, म्हणजे 'संगर' आणि 'कट्टुमरम' यांच्याच समुद्रास मिळते.

मग हस्तलिखितात 'सांगड' घालून शुद्धीकरण करावे काय? माझे मत तसे नाही. सांगड केवळ बांधणे सांगते. जू बांधते आणि त्याच वेळी दोन बैलांतील अंतर राखते. एका तळाच्या शिडाच्या जहाजाला स्थिर राहण्यासाठी तळाशी भार लागतो. कॅटामरानला स्थैर्य मिळते ते दोन तळांमधील अंतरामुळे, आणि भार नसल्याने ती उथळ पाण्यात, प्रवाळाच्या कड्याआडच्या खाजणातही शिरू शकते. बेनितिएसारख्या बेटांकडे अशाच नौका नेतात याचे एक कारण तेच. ज्याने भाताच्या खाचरात औत धरले आहे त्याच्या नजरेला हे अंतर प्रथम दिसले आणि त्याने त्याला अचूक शब्द दिला. 'दोन हल' म्हणणाऱ्याने काही पाहिले असेलच असे नाही. तेव्हा अनौचित्याचा आक्षेप येथे टिकत नाही. 'कॅटामरान' हे नाव मात्र खुशाल ठेवावे. त्याला हाकलून 'द्विकाय नौका' असला एखादा शासकीय शब्द घडविण्याने कोणाचेही भले होणार नाही. परका शब्द आला म्हणून भाषा दरिद्री होत नाही. वस्तूचे काम सांगणारा आपला शब्द त्याच्यासाठी काढून टाकला, म्हणजे होते.

दोन पाठांतील सर्वांत गंभीर फरक याहून वेगळा आहे, आणि तो एका खलाशाविषयी आहे. हस्तलिखितात जेवणाचे पदार्थ व विकत घेतलेल्या टोपीची किंमत यांच्या मध्ये चार ओळी आहेत. शीड चढविणारा तरुण मराठी घराण्यातला निघाला. शुद्ध प्रतीत या ओळी नाहीत. बहुधा क्रमभंग होतो म्हणून गाळल्या असाव्यात.

मॉरिशसमध्ये करारबद्ध मजुरांची आयात १८३४ मध्ये सुरू झाली. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जेथे ते उतरले, २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. पळालेल्या गुलामांनी जेथे आसरा घेतला तो ल मोर्नचा डोंगर २००८ मध्ये. हा डोंगर कॅटामरानवरून समोर दिसतो व वहीत त्याला एक वाक्य मिळाले आहे. मुंबई बंदरातून गेलेल्या मजुरांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ होते. नोंदीत बहुधा मजुराचे स्वतःचे नावच राहिले आणि पुढे तेच वंशजांचे आडनाव झाले, त्यामुळे आडनावावरून गाव शोधण्याची आपली रीत तेथे चालत नाही. त्यांच्या गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, कोकणची जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचली जाते. परंतु घरातील व्यवहाराची भाषा बहुतांशी क्रिओल झाली आहे. समुद्राला तो तरुण 'लामेर' म्हणत असणार. फ्रेंचमधील उपपद या भाषेत नामातच मुरले आहे, आणि बोलणाऱ्यास ते वेगळे जाणवत नाही, जसे आपल्याला सांगडीखालचे पाणी जाणवत नाही.

शिक्षकांनी त्याला मोडक्या हिंदी-मराठीत विचारले, गाव कोणते? मराठीत या प्रश्नाचा अर्थ राहण्याचे ठिकाण असा नसतो. पुण्यात तीन पिढ्या काढलेल्यालाही आपण हा प्रश्न विचारतो आणि त्याच्या आजोबांच्या गावाचे नाव अपेक्षितो. हस्तलिखितात या ठिकाणी प्रथम, त्यास ठाऊक नाही, अशा अर्थाचे शब्द लिहून खोडलेले दिसतात, आणि त्यांच्यावर बारीक अक्षरात 'कास्कावेल' असे लिहिले आहे. कास्कावेल हे मॉरिशसच्या पश्चिम भागातील, मराठी वस्तीचे गाव. म्हणजे तरुणाने उत्तर दिले होते व ते बरोबर होते; ते उत्तर आहे हे विचारणाऱ्याच्या ध्यानात घरी येऊन वही लिहिताना आले, आणि त्याने आपला पाठ स्वतःच दुरुस्त केला.

छापील प्रतीत ही खोडाखोड दाखविता येणार नाही. माझा अभिप्राय मी कळविला आहे : विशेषणे निम्म्याने कमी करावीत, जू, नाडा आणि बाज परत घ्यावीत, खलाशाच्या चार ओळी जेवण व टोपी यांच्या मधून काढून शीड चढविण्याच्या प्रसंगात, जेथे तो प्रत्यक्ष काम करीत आहे तेथे, घालाव्यात. प्रश्न व उत्तर जसे झाले तसेच ठेवावे, आणि कास्कावेल कोठे आहे हे सांगणारी तळटीप देऊ नये.